प्राचीन ग्रीक चांदीची नाणी: पहिलं नाणं घेण्याआधी आणि घेतल्यावर

अथेन्सचं टेट्राद्राख्मा, म्हणजे चार द्राख्मांचं चांदीचं नाणं, तळहातावर ठेवलं की आधी जाणवतो त्याचा जाडपणा. रुंदीला ते आपल्या दहा रुपयांच्या नाण्याहून लहान, जेमतेम २४-२५ मिलीमीटर. पण वजनाला त्याच्या दुपटीहून जड, १७.२ ग्रॅम. ही चांदी अथेन्सजवळच्या लॉरिऑनच्या खाणींतली. इ.स.पू. ४८३ च्या सुमारास तिथे मोठा साठा लागला, अथेन्सचा पुढारी थेमिस्टोक्लीस याच्या आग्रहाने तो पैसा युद्धनौकांवर खर्च झाला आणि इ.स.पू. ४८० मध्ये सॅलामिसच्या समुद्रात इराणी आरमार हरलं. त्यानंतरच्या पाऊणशे वर्षांत याच खाणींतून अशी लाखो नाणी पडली; मागच्या बाजूच्या चित्रावरून त्यांना ‘घुबड’ म्हणतात. त्यातलं एखादं आज सामान्य पगारदार माणसालाही घेता येतं.

घेता येतं, पण घाईने घेतलं तर पैसे हमखास बुडतात. प्रत्येक नाण्याला तीन प्रश्न विचारायचे. याचं वजन किती असायला हवं होतं? हा ठसा खरा आहे का? आणि हे इथपर्यंत आलं कसं? तिन्हींची उत्तरं मिळाल्याशिवाय खिशात हात घालू नये.

आधी वजनाची भाषा

ग्रीक पैशाचा पाया वजन आहे. सहा ओबोल म्हणजे एक द्राख्मा, शंभर द्राख्मा म्हणजे एक म्ना, साठ म्ना म्हणजे एक टॅलेंट. द्राख्मा या शब्दाचा मूळ अर्थ ‘मूठभर’: सहा लोखंडी सळया एका मुठीत मावत, तो हा हिशेब. हाच शब्द पुढे संस्कृतात ‘द्रम्म’ झाला, शिलाहारांच्या लेखांत आला आणि प्राकृतातून मराठीत ‘दाम’ होऊन बसला. दामदुप्पट म्हणताना आपण नकळत ग्रीक पैसा मोजत असतो.

अडचण एवढीच की द्राख्मा सगळीकडे एका वजनाचा नव्हता. अथेन्सच्या मापाने तो ४.३ ग्रॅम, म्हणून टेट्राद्राख्मा १७.२ आणि ओबोल ०.७२ ग्रॅम. एजिना बेटाच्या कासवाच्या नाण्याचं, म्हणजे स्टेटर या त्यांच्या मुख्य नाण्याचं, वजन १२.२ ग्रॅमच्या आसपास. कोरिंथचा पंखवाल्या घोड्याचा स्टेटर ८.६ ग्रॅमचा, म्हणजे अथेन्सच्या दोन द्राख्मांएवढा. पण कोरिंथकर त्याचे तीन भाग करत, त्यामुळे त्यांचा द्राख्मा २.९ ग्रॅम. इजिप्तच्या टॉलेमी राजांनी टेट्राद्राख्मा १४.२ ग्रॅमवर आणला. आजच्या तुर्कस्तानातल्या पर्गामॉनचं सिस्टोफोरस हे नाणं १२.६ ग्रॅम. आपल्या वायव्येकडच्या इंडो-ग्रीक राजांचा द्राख्मा २.४५ ग्रॅम आणि टेट्राद्राख्मा ९.८ ग्रॅम.

हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. विक्रेत्याने वजन दिलं नसेल तर विचारा. टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा. अभिजात काळातल्या (इ.स.पू. पाचवं-चौथं शतक) घुबडाचं वजन १६.७ ते १७.२ ग्रॅमच्या दरम्यान असणं नेहमीचं. १६.५ च्या खाली गेलं तर कारण दिसलं पाहिजे: खोल घाव, झीज, तुटलेली कड, आम्लाने केलेली सफाई. काहीच दिसत नसेल तर आत तांबं असण्याची शक्यता धरून चला. ओबोलसारख्या चिमुकल्या नाण्यांना मात्र ही कडक मोजणी लावू नका. टांकसाळीतच त्यांचं वजन ढिलं असे.

कुठून सुरुवात करावी

बहुतेकांना पहिलं नाणं घुबडाचंच हवं असतं. ते समजण्यासारखं आहे, पण पहिली खरेदी तिथे करू नये: त्याच्या नकलाही सर्वांत जास्त आहेत. आधी तीन-चार लहान नाण्यांवर डोळा तयार करा. ही नाणी त्या काळी विपुल पडली, आजही सहज मिळतात आणि एखादी चूक झाली तरी कंबर मोडत नाही.

आजच्या तुर्कस्तानातल्या मिलेटसचा एक-बारांश स्टेटर, म्हणजे स्टेटरचा बारावा हिस्सा: एका बाजूला सिंहाचं डोकं, दुसऱ्या बाजूला ताऱ्यासारखं फूल, वजन सव्वा ग्रॅमच्या आत, काळ इ.स.पू. सहाव्या शतकाचा उत्तरार्ध. बुद्धाच्या हयातीतलं नाणं एवढ्या स्वस्तात दुसरीकडे क्वचितच मिळेल. थ्रेसमधल्या खेरोनेसोसचं अर्ध-द्राख्मा: मागे वळून पाहणारा सिंह, उलट बाजूला चार खणांचा खोलगट चौकोन, २.४ ग्रॅमच्या आसपास. युबोइया बेटावरच्या इस्तियायाचं टेट्रोबोल, म्हणजे चार ओबोलांचं नाणं: नौकेच्या मागल्या टोकावर बसलेली अप्सरा, सव्वादोन ग्रॅमच्या आगेमागे. अड्रियाटिक किनाऱ्यावरच्या डिरॅकियमचं द्राख्मा: वासराला पाजणारी गाय, तीन ग्रॅमहून थोडं जास्त. हे शेवटचं नाणं पाहिलं की वसुबारस आठवल्याशिवाय राहत नाही.

यानंतर अलेक्झांडरच्या नावाचं द्राख्मा, ४.२ ग्रॅम. मध्यम स्थितीतलं युरोपातल्या लिलावांत साधारण शंभर ते दोनशे युरोपर्यंत जातं. घुबड त्यानंतर, काही शे युरोंच्या घरात. सिसिलीतल्या सिराक्यूसची, किमोन आणि युआइनेटोस या ठसे कोरणाऱ्यांच्या सहीची ४३ ग्रॅमची डेकाद्राख्मा (दहा द्राख्मांची नाणी) वस्तुसंग्रहालयात पाहावीत. शिकायला त्यांच्याइतकं सुंदर काही नाही, पण नवख्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये.

भारतात राहणाऱ्याला एक रस्ता जास्त सोपा आहे, तो इंडो-ग्रीकांचा. अपोलोडोटसचं चौकोनी द्राख्मा घ्या: एकीकडे हत्ती, दुसरीकडे वशिंडाचा बैल, एका बाजूला ग्रीक लेख, दुसऱ्या बाजूला खरोष्ठीत प्राकृत. किंवा मिनँडरचं, म्हणजे ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथातल्या मिलिंद राजाचं: एकीकडे राजाचा चेहरा, दुसरीकडे वज्र फेकणारी अथेना देवी. याच द्वैभाषिक नाण्यांच्या आधाराने १८३० च्या दशकात जेम्स प्रिन्सेपने खरोष्ठी लिपीचा उलगडा सुरू केला. ‘पेरिप्लस’ या जुन्या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत नोंद आहे की भडोचच्या बाजारात या दोन राजांचे जुने द्राख्मे इ.स. पहिल्या शतकातही चालत होते. त्यानंतर क्षत्रप राजा नहपानाच्या चांदीच्या नाण्यांवर ग्रीक अक्षरं उतरली, पण शब्द प्राकृत. नाशिकजवळ जोगळटेंभी इथे १९०६ मध्ये अशी १३ हजारांहून अधिक नाणी सापडली आणि त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. ग्रीक पैशाची शेपूट अशी थेट गोदावरीपर्यंत येते.

नाणं वाचायचं कसं

घुबडावरून शिकू. दर्शनी बाजूला शिरस्त्राण घातलेली अथेना, उजवीकडे तोंड करून. शिरस्त्राणावर ऑलिव्हची तीन पानं आणि एक वेलबुट्टी. तोंड बाजूने दिसतं, पण डोळा समोरून पाहावा तसा पूर्ण बदामी: इ.स.पू. पाचव्या शतकातल्या मोठ्या उत्पादनाची ही खूण. चौथ्या शतकात डोळा हळूहळू बाजूने काढलेला दिसू लागतो, चकत्या वेड्यावाकड्या, दुमडल्यासारख्या होतात आणि किंमत उतरते. मागच्या बाजूला घुबड, त्याच्या मागे ऑलिव्हची डहाळी आणि छोटी चंद्रकोर, पुढे तीन अक्षरं: अल्फा, थीटा, एप्सिलॉन. अथेना मोठी असल्याने तिच्या शिरस्त्राणाचा तुरा चकतीबाहेर जाणं नेहमीचं. पूर्ण तुरा असलेल्या नाण्याला जास्त भाव. नवखा माणूस अर्धवट तुरा पाहून नाणं नाकारतो, ते बरोबर नाही. आधी चेहरा, मग घुबडाचं तोंड आणि तिन्ही अक्षरं पाहा, तुरा शेवटी.

अलेक्झांडरच्या नाण्यांत खरी मेख तारखेची आहे. दर्शनी बाजूला सिंहाचं कातडं पांघरलेला हेराक्लीस, मागे सिंहासनावर झ्यूस, एका हातावर गरुड, दुसऱ्यात राजदंड, उजवीकडे उभं ‘अलेक्झांडरचं’ हे नाव. राजा इ.स.पू. ३२३ मध्ये बाबिलोनला वारला, पण त्याच्या नावाची नाणी वेगवेगळ्या शहरांत पुढे दोनशेहून अधिक वर्षं पडत राहिली. विक्रेते ‘हयातीतलं नाणं’ म्हणून जास्त भाव लावतात. साधी खूण अशी सांगतात की झ्यूसचे पाय समांतर असतील तर जुनं, एकावर एक असतील तर नंतरचं. ही खूण दिशा दाखवते, निकाल देत नाही. काही टांकसाळींनी राजाच्या हयातीतच पाय बदलले, तर काहींनी तो गेल्यावरही जुनीच बैठक चालू ठेवली. निकाल लागतो तो सिंहासनाखालच्या आणि डाव्या मोकळ्या जागेतल्या लहान चिन्हांवरून. ती चिन्हं अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीच्या ‘पेला’ या ऑनलाइन संग्रहात शोधा. तिथे प्रत्येक जातीला मार्टिन प्राइस या अभ्यासकाच्या सूचीतला क्रमांक दिला आहे. तो क्रमांक आणि टांकसाळ जुळली की मगच ‘हयातीतलं’ या शब्दाला पैसे द्या.

खोटं ओळखणं

नाणं कसं बनायचं ते डोळ्यांपुढे आणा, म्हणजे खोटं कुठे फसतं ते कळतं. चांदीची चकती ओतायची, तापवायची, ऐरणीत बसवलेल्या खालच्या, दर्शनी बाजूच्या ठशावर ठेवायची, वर दुसरा ठसा धरायचा आणि घण घालायचा. धातू दाबाखाली बाहेरच्या दिशेने वाहतो. म्हणून खऱ्या नाण्याच्या कडेला बारीक, बाहेर उघडणाऱ्या चिरा असतात, अक्षरांच्या कडा खणखणीत असतात आणि मोकळ्या जागेत भिंगाखाली धातू वाहिल्याच्या रेषा दिसतात. घणाचा घाव सहन करणारा वरचा ठसा आधी झिजे, त्यामुळे एकाच दर्शनी ठशाची अनेक नाणी मागे वेगवेगळ्या ठशांची मिळतात.

ओतीव नक्कल याच्या उलट. पृष्ठभाग साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत, अक्षरांच्या मुळाशी बारीक बुडबुड्यांचे खड्डे किंवा वर आलेले दाणे, कडेला साच्याच्या दोन अर्धांची शीव. ती शीव घासलेली असेल तर कडेवर समांतर कानशीच्या रेषा दिसतात, तिथे लगेच थांबा. मात्र चकतीच मुळात ओतलेली असल्यामुळे काही खऱ्या सिसिलियन नाण्यांना कडेला ओतनळीचा तुटका कोंब असतो. तेवढ्यावरून नाणं खोटं ठरवू नये.

दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, ही दोन हत्यारं हवीतच. काट्याबरोबर एक प्रमाण वजन घ्या आणि दर वेळी आधी तेच तोलून काटा तपासा. मग घनता काढा. काट्यावर ऊर्ध्वपातित पाण्याची छोटी वाटी ठेवून आकडा शून्यावर आणा. नाणं बारीक नायलॉनच्या दोऱ्याने पूर्ण बुडेल पण तळाला किंवा भिंतीला टेकणार नाही असं लोंबकळत धरा. आता काट्यावर जो आकडा दिसतो तो नाण्याने सारलेल्या पाण्याचा. नाण्याचं कोरडं वजन १७.१५ आणि हा आकडा १.६६ आला तर घनता १०.३३. शुद्ध चांदीची घनता १०.४९, तांब्याची ८.९६, अथेन्सची चांदी अगदी शुद्ध असल्याने १०.३३ ठीक. तोच आकडा १.८५ आला तर घनता ९.२७ होते, म्हणजे आत तांबं. अंगाला बुडबुडा चिकटला तर आकडा वाढतो आणि चांगलं नाणं खोटं ठरतं. म्हणून तीनदा मोजा. ओबोलवर हा प्रयोग करू नका. ०.७० ग्रॅमच्या नाण्याने सारलेलं पाणी ०.०७ ग्रॅम, काट्याची ०.०१ ची चूक तिथे सातवा हिस्सा खाऊन टाकते. चिरा गेलेल्या नाण्यालाही पाण्यात घालू नये.

घनता पटली म्हणजे नाणं खरं ठरलं, असं होत नाही. चांगल्या चांदीवर नव्या ठशाने ठोकलेली नक्कल वजन आणि घनता दोन्ही परीक्षा पास होते. कार्ल विल्हेल्म बेकर (१७७२–१८३०) हा जर्मन माणूस असेच ठसे कोरायचा. विसाव्या शतकाच्या आरंभी अथेन्समध्ये ख्रिस्तोदुलोसने तोच धंदा केला. अलीकडे बल्गेरियातून अशी कितीतरी नाणी बाहेर पडली. यांच्यावर उपाय एकच, फोटोंची तुलना. लिलावांचे जुने निकाल साठवणाऱ्या ‘एसीसर्च’सारख्या संग्रहात त्याच जातीची शंभर नाणी काढून शेजारी ठेवा. एकाच ठशाची दोन खरी नाणी मिळणं आनंदाची गोष्ट. पण दोन नाण्यांवर छाप एकाच जागी सरकलेली, चीर त्याच ठिकाणी, तोच ओरखडा, झीजही तीच, असं दिसलं तर दोन्ही एकाच आईची लेकरं आहेत आणि ती आई कदाचित तिसरंच नाणं आहे. लोहचुंबक जवळ नेऊन पाहायला हरकत नाही. चिकटलं तर विषय संपला.

प्राचीन काळातलीही खोटी नाणी असतात: तांब्याच्या गाभ्यावर चांदीचा पत्रा चढवून ठोकलेली. स्पार्टाबरोबरच्या पेलोपोनेशियन युद्धाच्या शेवटी, इ.स.पू. ४०६ च्या सुमारास, खुद्द अथेन्सने पैशाअभावी अशी काढली. इ.स.पू. ३७५ मध्ये निकोफोनच्या कायद्याने बाजारातल्या सरकारी पारख्याचं काम ठरवून दिलं. आत तांबं किंवा शिसं सापडलं तर त्याने नाणं तिथल्या तिथे छेदायचं आणि ते देवमातेच्या ठिकाणी जमा करायचं. म्हणून घुबडांवर छिन्नीचे खोल घाव दिसतात. इजिप्त आणि पूर्वेकडच्या व्यापाऱ्यांनीही ते घातले. आपल्या सराफांच्या खुणांचे हे थोरले भाऊ. घावामुळे किंमत पुष्कळ उतरते, पण शिकणाऱ्याला असं नाणं फार कामाचं: आतली चांदी उघडी दिसते आणि बाजाराचा हात नाण्यावर उमटलेला असतो.

एक सवय मात्र सोडावी लागेल. नाणं फरशीवर वाजवून पाहायचं नाही. अडीच हजार वर्षांत चांदीच्या कणांच्या सीमांवर तांबं, शिसं वेगळं होतं आणि धातू आतून काचेसारखा ठिसूळ होतो. बाहेरून निरोगी दिसणारं नाणं पडलं की बिस्किटासारखं तुटतं. कसोटीच्या दगडावर घासणंही नको.

स्थिती आणि भाव

‘व्हीएफ’ (व्हेरी फाइन), ‘ईएफ’ (एक्स्ट्रीमली फाइन) ही अक्षरं फक्त झीज सांगतात. ग्रीक नाण्याला त्याखेरीज चार गोष्टी लागतात: छाप मध्यावर आहे का, ठसा ताजा होता का, पृष्ठभाग कसा आहे, आणि ठसा कोरणाऱ्याचा हात कसा होता. प्लास्टिकच्या डबीत बंद करून देणाऱ्या संस्था छापेला आणि पृष्ठभागाला पाचपैकी वेगळे गुण देतात ते यामुळेच. थोडं झिजलेलं पण सुंदर कोरलेलं, मध्यावर बसलेलं नाणं निवडा. झिजेला घाबरू नये, झीज म्हणजे ते नाणं खरंच बाजारात फिरलं. घाबरायचं ते घासून चकचकीत केलेल्या पृष्ठभागाला, कडेवर दागिन्याची कडी काढल्याच्या खुणेला आणि गुळगुळीत करून पुन्हा कोरलेल्या केसांना.

लिलावात आकडा ठरवताना हातोड्याच्या भावावर थांबू नका. २०० युरोला नाणं सुटलं, लिलावगृहाची दलाली २० टक्के धरली तर २४०, विम्यासह टपाल ३० धरलं तर २७०, त्यावर चलनबदलाचा खर्च आणि भारतातला कर. म्हणजे चलनबदल आणि कर सोडूनच हातोड्याच्या भावावर ३५ टक्के चढतात; ते सगळं धरून मग आपली शेवटची बोली कागदावर लिहायची आणि ती ओलांडायची नाही. बाजारात मोठा साठा आला की भाव कोसळतो, हेही ध्यानात ठेवा. २०१८ च्या आसपास घुबडांचं तसंच झालं. साठ्यातलं नाणं स्वस्त मिळतं, पण तो साठा कुठून निघाला हा प्रश्न त्याच्याबरोबर घरी येतो.

कागद आणि कायदा

१९८४ मध्ये तुर्कस्तानात एल्मलीजवळ सुमारे १९०० चांदीची नाणी निघाली. त्यांत अथेन्सची दुर्मिळ डेकाद्राख्मा १४ होती. साठा चोरून अमेरिकेत गेला, धनाढ्य संग्राहकांनी घेतला, वर्षानुवर्षं खटला चालला आणि १९९९ मध्ये नाणी तुर्कस्तानला परत करावी लागली. चोरून खणलेल्या नाण्याचा दुसरा तोटा पैशांत मोजता येत नाही. कोणत्या मडक्यात, कोणत्या नाण्यांबरोबर ते पुरलं होतं ही माहिती कायमची जाते. इतिहास हातात घ्यायचा म्हणून घेतलेल्या वस्तूचा अर्धा इतिहास त्या फावड्याने पुसलेला असतो.

म्हणून मागचा मालक विचारा. सर्वांत चांगलं म्हणजे जुन्या लिलावाच्या सूचीत छापलेला त्याच नाण्याचा फोटो, शक्यतो १९७० च्या युनेस्को कराराआधीचा. तो दुर्मिळ आणि महाग. साध्या नाण्यांना निदान काही वर्षांपूर्वीच्या लिलावाचा दुवा, जुनं पाकीट, हाताने लिहिलेली चिठ्ठी तरी हवी. ‘जुन्या युरोपियन संग्रहातून’ एवढं वाक्य पुरावा नव्हे. फोटो जुळवून स्वतः खात्री करा. ग्रीस, तुर्कस्तान, इटली इथे फिरायला गेलात तर शेतात, बाजारात कोणी दिलेलं नाणं हातात घेऊ नका. विमानतळावर अटक होते आणि ‘माहीत नव्हतं’ ऐकून घेतलं जात नाही.

भारतातल्या संग्राहकाने १९७२ चा पुरावशेष आणि कलावस्तू कायदा नीट समजून घ्यावा. शंभर वर्षांहून जुनं कोणतंही नाणं पुरावशेष ठरतं. ते कोणत्या देशात पडलं हे व्याख्येत विचारलेलं नाही. असा पुरावशेष खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि दंड. याचा व्यवहारी अर्थ फार कमी लोकांच्या लक्षात येतो: परदेशातून मागवलेलं खरं नाणं एकदा भारतात आलं की ते विक्रेत्याला परत धाडता येत नाही. आवडलं नाही, वर्णन जुळलं नाही, तरी ते इथेच राहणार. खोटं निघालं तर मात्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ‘हा पुरावशेष नाही’ असा दाखला घेऊन मगच परत पाठवता येईल. म्हणून शंका असेल तर तपासणी परदेशातच करून घ्या आणि मग नाणं मागवा. अमेरिकेत किंवा जर्मनीत राहणाऱ्या मराठी संग्राहकाने सुट्टीला पुण्याला येताना भावंडांना दाखवायला चार नाणी खिशात टाकून आणू नयेत. परतीच्या विमानात ती नेता येणार नाहीत.

पार्सलवर वस्तूचं खरं नाव आणि खरी किंमत लिहायला सांगा. कमी किंमत लिहिली तर कर चुकवल्याचा गुन्हा होतो आणि पार्सल हरवल्यास विमाही तेवढाच मिळतो. आयातीचे नियम व कर बदलत राहतात, त्यामुळे बोली लावण्याआधी सीमाशुल्क दलालाकडून लेखी विचारून घ्या. देशात घेताना पुरावशेष विकण्याचा परवाना असलेल्या व्यापाऱ्याकडून, पावतीनिशी घ्या. शेतात नांगरताना सापडलं म्हणून कोणी इंडो-ग्रीक किंवा क्षत्रपांची नाणी दाखवली तर १८७८ चा निधी कायदा लागू होतो: जमिनीतून निघालेलं दहा रुपयांवरचं धन जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतं. तसली नाणी विकत घेऊ नका. सापडणाऱ्याला कळवायला मदत करा.

हाताळणी, सफाई, पावसाळा

नाणं कडेने धरा, टेबलावर जाड पंचा पसरून, आणि टेबलापासून वितीभरापेक्षा उंच उचलू नका. चिंच, रांगोळी, टूथपेस्ट, चांदी उजळायचं रसायन यांतलं काहीही लावायचं नाही. देवघरातली चांदी उजळली की छान दिसते. नाण्याची वरची काळसर-राखाडी छटा शतकांनी जमलेली असते आणि ती गेली की किंमतीबरोबर खरेपणाची एक साक्षही जाते. मातीचा थर असेल तर ऊर्ध्वपातित पाण्यात एक-दोन दिवस भिजवून, नुसतं टिपून कोरडं करा. जुन्या मऊ प्लास्टिकच्या पाकिटातलं हिरवट चिकट लागलं असेल तर शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये पाच मिनिटं, काचेच्या वाटीत, खिडकी उघडी ठेवून, जवळ आग नको. नेलपॉलिश काढायचं द्रावण त्याऐवजी चालत नाही; त्यात तेल आणि सुगंध असतात. राखाडी-जांभळट, मेणासारखा घट्ट थर असेल तर ते चांदीचं क्लोराइड. त्याला घरी हात लावू नका.

ठेवण्यासाठी मऊ पीव्हीसीची पाकिटं टाळा. मायलर या प्लास्टिकची कडक पाकिटं किंवा आम्ल व गंधक नसलेली कागदी पाकिटं चांगली. रबरबँड, लोकर, साधा पुठ्ठा, वर्तमानपत्र आणि डांबराच्या गोळ्या पेटीत नकोत. नव्या प्लायवूडच्या कपाटातल्या वाफाही चांदीला लागतात. ओक लाकूड त्याहून वाईट, महोगनी चालतं. कोकण, मुंबई, गोवा इथे जून ते सप्टेंबर हाच खरा शत्रू. हवाबंद डब्यात रंग बदलणाऱ्या सिलिका जेलची पुडी ठेवा, रंग बदलला की वाळवून परत घाला. बँकेच्या लॉकरमध्ये दमट हवा कोंडते, तिथे हा डबा जास्तच गरजेचा.

प्रत्येक नाण्याची चिठ्ठी करा: शहर किंवा राजा, मूल्य, अंदाजे काळ, वजन दोन दशांशांपर्यंत, व्यास, दोन्ही बाजूंचा कोन घड्याळाच्या काट्याप्रमाणे (दर्शनी बाजू सरळ धरून नाणं उभ्या अक्षाभोवती फिरवलं की मागच्या चित्राचा वरचा भाग कितीवर येतो), सूची-क्रमांक, कुणाकडून, कधी, कितीला. जुनी चिठ्ठी कितीही मळकी असो, फेकू नका. दोन्ही बाजूंचा एकेक फोटो आणि एक कडेचा. या सगळ्याची एक प्रत नाण्यांपासून दूर, घरातल्या दुसऱ्या कुणाला माहीत असलेल्या जागी ठेवा आणि त्यावर विश्वासू व्यापाऱ्याचं नाव लिहा. चिठ्ठी नसलेल्या काळ्या चकत्या वारसांच्या हाती आल्या की त्या सराफाच्या काट्यावर मोडीच्या भावाने जातात आणि मुशीत वितळतात.